चिमणीमागचा माणूस

सापडल्यांची आणि माझी पहिली गाठ पडली तिला भेट म्हणणं चुकीचं होईल. तो खटला होता. मी त्यात फिर्यादी म्हणून आत गेलो आणि आरोपी म्हणून बाहेर आलो. मधल्या काळात माझे केस पिकले, सरकारं बदलली, एखाददुसरा डोंगरही झिजला असावा. निमित्त होतं एका छत्रीचं.

छत्री मी बसमध्ये विसरलो होतो. बस डेपोच्या मागच्या अंगाला, जुन्या टायरांच्या ढिगापलीकडे एक लांबट खोली आहे. दारावर पाटी : 'हरवलेल्या वस्तू'. आत शिरलो तर छताला शेकड्यांनी छत्र्या उलट्या टांगलेल्या. शहरातल्या यच्चयावत वटवाघळांची बदली इथेच झाल्यासारखी. खाली फळ्यांवर डबे, एकेकट्या चपला, कवळ्या, एक शिवणयंत्र, एक सायकलचं चाक. या पसाऱ्याच्या मधोमध टेबलाशी एक बुटके, गोल, टक्कल पडलेले गृहस्थ डोळे मिटून एका हातमोज्याचा वास घेत होते.

मी त्यांच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसलो आणि कैफियत मांडली. छत्रीचा रंग सांगितला. मूठ सांगितली. उत्तर येईना, म्हणून ती बायकोने कुठल्या प्रसंगी दिली ते सांगितलं. तरी उत्तर येईना, म्हणून मुळात लग्न कसं जमलं ते सांगितलं. अशा रीतीने मागे मागे जात मी माझ्या गोवरापर्यंत पोचलो, तेव्हा गृहस्थांनी हातमोजा खाली ठेवला, मान वळवली आणि ते दचकलेच.

"अरेच्चा! कधी आलात?"

मग कळलं की लहानपणीच्या एका तापात त्यांचा डावा कान गेला होता. त्या बंद दारापाशी बसून मी माझं अख्खं आत्मचरित्र खर्ची घातलं होतं. इतक्या ओघवत्या भाषेत मला ते पुन्हा कधीच जमलेलं नाही.

मी खुर्ची उचलून उजवीकडे आणली. त्यांनी छताची एक छत्री काढून हाती घेतली आणि खटला सुरू झाला.

"छत्री टेकत चालता?"

"कधीमधी."

"कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"हिचं टोक डाव्या अंगाने झिजलंय."

"मग डाव्या हाताने टेकत असेन!"

"असेन म्हणून चालत नाही. उठा. चालून दाखवा."

मी, एक वयात आलेला, दोन पुस्तकं छापून झालेला मनुष्य, कुणातरी परक्याची छत्री टेकत त्या फळ्यांमधून येरझारा घालू लागलो. सापडले मान तिरकी करून पाहत राहिले.

"ही तुमची नाही," ते शेवटी म्हणाले. "ही एका उंच आणि रागीट बाईंची आहे. तुमची ती, कोपऱ्यातली."

"ती? ती फाटकी? मी जन्मात असली छत्री वापरणार नाही!"

त्यांनी ती फाटकी छत्री उघडली. आतून शेंगदाण्याची टरफलं आणि माझ्याच एका लेखाचं परत आलेलं पाकीट खाली पडलं. मी घरी आलो तो आधी दारावरची पाटी वाचली. नाव माझंच होतं, पण त्या दिवशी मी त्याची शपथ घेतली नसती.

'सापडले' हे त्यांचं आडनाव नव्हे. डेपोतल्या कंडक्टरांनी त्यांना ते बहाल केलं आणि ते इतकं फिट्ट बसलं, की वाणीसुद्धा उधारी त्याच नावावर मांडतो. खरं नाव त्यांच्या बायकोला ठाऊक असावं. पण त्या बाईंनी आयुष्यभर नुसतं 'अहो'वर भागवलं. त्यांना मी वहिनी म्हणतो.

सापडल्यांचा कामाचा एकच सिद्धान्त होता : वस्तू कुणाची तरी असतेच. हातमोज्याच्या कोणत्या बोटाला भोक आहे, डब्याचं झाकण कुणीकडून उघडून चेपलंय, चष्म्याची कुठली दांडी वाकलीय, यावरून ते समोर नसलेला माणूस उभा करायचे. "घाईचा आहे बिचारा," ते एका किल्लीला म्हणायचे. "आणि नुकतंच घर बदललंय." पुष्कळदा ते साफ चुकायचे. एकदा एका कवळीवरून त्यांनी शांत, शाकाहारी निवृत्त शिक्षक काढला होता, आणि न्यायला आला तो कुस्त्यांचा पंच. पण त्यांचा विश्वास ढळायचा नाही. "कुणाचीच नसलेली वस्तू मी अजून पाहिलेली नाही," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना छताकडे पाहायचे. वरच्या छत्र्या वाऱ्याने जराशा हलायच्या, होकार दिल्यासारख्या.

पुढे आमची मैत्री जमली. छत्र्या हरवण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, त्यामुळे गाठीभेटी होतच राहिल्या.

त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. वहिनी गल्लीच्या टोकाच्या बेकरीत पावाच्या पिठाचे गोळे तोलायच्या. काम पहाटेचं, त्यामुळे दिवेलागण झाली की त्या आतल्या खोलीत पडदा ओढून झोपी जायच्या. आणि सापडल्यांना तर गाण्याचं वेड. संध्याकाळी घरी यावं, खिडकीशी बसावं, गाणं लावावं, इतकंच त्यांचं मागणं. पण गाणं लावलं की वहिनी उठणार, वहिनी उठल्या की पाव बिघडणार. गल्लीतली सकाळची न्याहारी सापडल्यांच्या एका गाण्यावर अवलंबून होती.

म्हणून वहिनींनी त्यांच्या वाढदिवसाला ते छोटं यंत्र आणलं. काडेपेटीहून जरा मोठं, राखी रंगाचं, पोटात हजार गाणी, आणि कानात घालायच्या दोन बोंडांची वायर. चौकातलं ते मोठं दुकान तुम्ही पाहिलं असेल, तसं सगळीकडे एक असतं : टॉवेल, साबण, झाडू, बादल्या, सगळं स्वतःच्याच नावाने विकणारं. यांची खूण चिमणी. यंत्राच्या पाठीवरही चिमणीच होती, दुसरं एक अक्षर नाही.

सापडल्यांनी ते भीतभीतच घेतलं. कारण पूर्वी एकदा त्यांनी मेव्हण्याचं असलंच यंत्र ऐकलं होतं आणि ते त्यांना फार अपमानकारक वाटलं होतं. या यंत्रांची रीत अशी की गाण्याचे दोन वाटे करायचे, अर्धा डाव्या कानाला, अर्धा उजव्या. दोन कानवाल्यांची त्यात चंगळ. पण सापडल्यांच्या उजव्या कानात गाणारी बाई यायची आणि बासरी तिकडे बंद दारापाशी ताटकळत राहायची. दुसऱ्या गाण्यात बासरी यायची तर बाई बेपत्ता. "जेवायला बोलवावं आणि नुसता कोरडा भात वाढावा, तसं," ते म्हणाले होते.

चिमणीचं बोंड त्यांनी उजव्या कानात घातलं. डावं शर्टाच्या गुंडीला अडकवलं. गाणं सुरू झालं, आणि बाई आली. तिच्यामागून बासरी आली. मग ढोलक, मग व्हायोलिनं, एकामागून एक सगळी मंडळी आत येऊन बसली. सापडले सांगतात, आयुष्यात पहिल्यांदा एक गाणं आख्खं त्यांच्या कानात मावलं. खिडकीबाहेर बेकरीच्या धुराड्यातून उरलासुरला धूर निघत होता, समोरच्या घरात कुणी कपडे आत घेत होतं, आणि त्या सगळ्याला गाणं चिकटलं होतं. वाळत घातलेली चादरसुद्धा तालात आत गेली म्हणे.

ते दुसऱ्या दिवशी डेपोत सांगत सुटले. एका कंडक्टरने हौसेने तेच चिमणी यंत्र विकत आणलं. सापडल्यांनी त्याचं बोंड उजव्या कानात घालून पाहिलं, तर बाई आली आणि बासरी बाहेर. म्हणजे सगळ्या चिमण्या सारख्या नव्हत्या. ही एकच अशी होती.

इथून पुढे सापडल्यांच्या डोक्यात तो माणूस शिरला.

"हे कुणीतरी मुद्दाम केलंय," ते मला म्हणाले. "माझ्यासारखाच कुणीतरी. एका कानाचा."

"दुकानदाराने?"

"दुकानदार काय करणार? तो झाडू विकतो. बनवणारा वेगळा आहे. चिमणी नुसती वर बसलीय. खाली कोण आहे ते शोधायला पाहिजे."

नुसती उत्सुकता असती तर आम्ही ते हसण्यावारी नेलं असतं. पण यंत्राची बॅटरी दमत चालली होती. आधी आठवडा टिकायची, मग एक संध्याकाळ, मग तीन गाणी. खोकं बंद, बॅटरी बाहेर मिळायची नाही, आणि दुकानाने ते विकणंच थांबवलं. यंत्र मेलं की आख्खं गाणं मेलं. बनवणारा सापडला तरच दुसरं तसलं मिळणार, म्हणून आम्ही कंबर कसली.

दुकानापासून सुरुवात झाली. काउंटरवरच्या मुलीला सापडल्यांनी आपल्या कचेरीतल्या सुरात विचारलं, "हे कुणाचं?"

"आमचंच आहे, काका."

"तुमचा कारखाना आहे?"

"नाही."

"मग तुमचं कसं?"

"नाव आमचं आहे ना!"

"झाडूवरही चिमणी आहे, यावरही चिमणी आहे. दोन्ही एकाच ठिकाणी बनतात?"

"काका, मागे रांग लागलीय."

मग यंत्र मिनिटकडे गेलं. मिनिट म्हणजे डेपोसमोरचा घड्याळदुरुस्तीवाला. कुठलंही काम दाखवलं की "एक मिनिट" म्हणायचा आणि महिन्याने परत करायचा. मात्र भिंग डोळ्याला लावलं की बड्या रुग्णालयातल्या सर्जनचा रुबाब. त्याने यंत्र उलटंपालटं केलं, खालचा स्क्रू निरखला आणि जाहीर केलं, "श्रवणयंत्रवाल्यांचं काम. इतका बारीक स्क्रू गाणं ऐकणाऱ्यांना कुणी लावत नाही. हा बहिऱ्यांचा स्क्रू आहे."

"स्क्रूला काय कळतं, कोण बहिरं ते?" मी म्हणालो.

"तुम्ही लिहा, लेखकमहाराज. लोखंडात तोंड घालू नका."

माझा स्वतःचा कयास खेळणीवाल्यांवर होता. बटण दाबताना जो टुक् आवाज यायचा तो हुबेहूब माझ्या भाचीच्या बोलक्या बदकाचा होता.

"बदकवाले गाण्याचं यंत्र बनवतील?" मिनिटने विचारलं.

"का नाही? दोन्हींना गळा लागतो."

सापडल्यांनी यंत्र नाकाशी धरलं, डोळे मिटले. "भाजलेल्या पिठाचा वास येतोय," ते गंभीरपणे म्हणाले.

"तो तुमच्या घराचा वास आहे हो," मिनिट म्हणाला. "तुमच्या टोपीलाही येतो."

अशा चर्चा रोज झडू लागल्या. घड्याळाचे कारखाने, कॅमेऱ्याचे कारखाने, दूरवरच्या ज्या शहरांची नावं आम्हांला धड उच्चारता येत नव्हती तिथले कारखाने, सगळ्यांवर आमचा संशय घेऊन झाला. पण त्या सगळ्या भवती न भवतीतून एक गोष्ट मात्र हळूहळू तयार होत गेली. संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायचो. वहिनी पडद्याआड झोपलेल्या असायच्या. सापडले एका गाण्यावर थांबायचे, बॅटरी वाचवायला, आणि मग खालच्या आवाजात त्या माणसाबद्दल बोलायचे. हातमोज्यावरून माणूस काढणाऱ्याच्या हाती आता हजार गाण्यांचं खोकं लागलं होतं.

"लांब खोली असेल," ते म्हणायचे. "खिडक्या उजव्या हाताला. बाहेर पाणी. नदी नको, नदी बडबडते. तळं."

"आणि माणसं?"

"ओळीने बसलेली. पांढऱ्या टोप्या. सगळ्यांत डावीकडे, भिंतीला लागून, तो. भिंतीशी बसलं की डावीकडून कुणी बोलायला येत नाही ना. सगळं जग उजवीकडे राहतं."

खिडकीबाहेर उजेड कमी होत जायचा. धुराडं आधी राखी व्हायचं, मग निळं, मग नुसतीच एक कडा. सापडल्यांचा आवाजही तसाच उतरत जायचा.

"साहेब सांगतो, दोन बाजू वेगळ्या ठेव. तो मान डोलावतो. आणि दिवसाकाठी एखाद्याच यंत्रात, कुणी बघत नाही असं पाहून, दोन्ही बाजू हळूच एक करून टाकतो. खूण करत नाही. कुणाला मिळेल ते त्यालाही माहीत नसतं. जग एवढं मोठं आहे, पोचेल कुणातरी एका कानवाल्याकडे, असं म्हणतो आणि झाकण लावतो."

"आणि ते तुमच्याकडे पोचलं."

"पोचलं," सापडले म्हणायचे. "पण त्याला कळलं नाही ना अजून."

मी स्वभावाने वात्रट माणूस, पण त्या खिडकीपाशी माझ्याही डोळ्यांसमोर ते तळं पसरायचं. बसमधून घरी जाताना कुठल्याही भिंतीशी कुणी एकटा बसलेला दिसला की वाटायचं, हाच असेल. एकदा तर मी एका अनोळखी माणसाच्या उजव्या बाजूला जाऊन मुद्दाम 'नमस्कार' म्हणालो. त्याने खिशातलं पाकीट चाचपलं.

"आणि ती बाई असली तर?" पडद्यामागून आवाज आला.

"तू झोपली नाहीस?"

"झोपलेय. पण बाई असली तर मला आधी कळलं पाहिजे."

"अगं, कोण आहे तेच माहीत नाही!"

"तेच म्हणते. माहीत नसताना एवढं कौतुक, माहीत झाल्यावर काय कराल?"

पण शेवटी छडा लावला तो वहिनींनीच. एका सुट्टीच्या दिवशी त्या शेंगा निवडत बसल्या होत्या आणि सापडले यंत्र चालू करत होते. वहिनींनी सहज वाकून पाहिलं आणि त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अहो, परत करा बघू. बंद करून चालू करा."

सापडल्यांनी केलं. छोट्या काचेवर आठांची रांग उमटली, दोनदा लुकलुकली आणि विझली. कोपऱ्यात बॅटरी संपत आल्याची खूण आली.

"हा आमचा काटा आहे," वहिनी म्हणाल्या.

"काटा?"

"बेकरीतला. वजनाचा. तोसुद्धा चालू केला की आठ आठ आठ करतो, दोनदा डोळे मिचकावतो, मग शून्यावर येतो. आणि हे पिंप बघा. कुणीतरी बॅटरीचं चित्र काढायला गेलं आणि पिंप झालं. आमच्या काट्यावर हेच पिंप आहे! आम्ही रोज हसतो त्याला."

आम्ही तिघेही, म्हणजे सापडले, मी आणि मिनिट, तडक बेकरीत जाऊन काटा पाहून आलो. पिंप तेच होतं. तळाला एक कडीसुद्धा होती. मिनिट म्हणाला की काटेवाले श्रवणयंत्रंही बनवत असतील. पण त्यात जोर नव्हता.

काट्याच्या कंपनीचा माणूस वर्षातून एकदा काटे तपासायला यायचा. त्याची वेळ जवळच आली होती. ते दिवस सापडल्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय. आता संध्याकाळी एक गाणंही पुरं व्हायचं नाही. शेवटच्या कडव्यात पिंप यायचं आणि बाई गाता गाता निघून जायची. मग सापडले बोंड कानात तसंच ठेवून बसायचे. त्यांनी एक नवा शर्ट शिवून घेतला. त्या माणसाला भेटायला जायची वेळ आलीच, तर असावा म्हणून.

काटेवाला आला तो दुपारी, भट्ट्या निवल्यावर. बारीक अंगाचा, चटपटीत, इस्त्रीचा शर्ट. त्याने मखमली पेटी उघडली. आत पितळी वजनं ओळीने झोपलेली. एकेक तो पांढऱ्या रुमालाने उचलायचा, बोटांचा घाम लागून वजन वाढू नये म्हणून. हवेत पीठ तरंगत होतं आणि वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा त्यात आडवा पडला होता. वहिनी, सापडले, मी आणि दुकान बंद करून आलेला मिनिट (दुकान उघडं असतानाही फारसा फरक नसतो) असे आम्ही चौघे भिंतीशी उभे. परीक्षेच्या निकालाला उभे राहावं तसे.

काटे तपासून झाल्यावर वहिनींनी यंत्र पुढे केलं.

"हे आमचंच की!" काटेवाला लगेच म्हणाला. "एकच कारखाना आहे आमचा. वरच्या मजल्यावर काटे, खालच्या मजल्यावर हे. चिमणीवाले घ्यायचे, आणखी दोघेतिघे घ्यायचे. प्रत्येकाचं चित्र वेगळं, खोकं एकच. आता बंद झालं ते."

"श्रवणयंत्रं?" मिनिटने शेवटचा प्रयत्न केला.

"नाही हो."

"बदकं?" मी विचारलं.

"बदकं शेजारच्या कारखान्यात होतात."

मी मिनिटकडे विजयी नजरेने पाहिलं. पण सापडले पुढे झाले होते. नव्या शर्टात ते एखाद्या सोयरिकीला आल्यासारखे दिसत होते.

"खालच्या मजल्याला खिडक्या कुठल्या बाजूला आहेत?"

"खिडक्या? खिडक्या नाहीत. धूळ येते."

"बाहेर पाणी वगैरे?"

"टाकी आहे."

सापडल्यांनी यंत्र काटेवाल्याच्या हाती दिलं, बोंडं दिली आणि म्हणाले, "दोन्ही कानांत घालून ऐका."

त्याने ऐकलं. एक बोंड काढलं, दुसरं काढलं, पुन्हा घातली. त्याचा चेहरा पडला.

"हे कुणी केलं?" सापडल्यांनी विचारलं.

मला वाटतं, आयुष्यात इतक्या आदराने त्यांनी कुणालाच काही विचारलं नसेल. पण आवाज तो कचेरीतलाच. तीस वर्षं त्या आवाजाने भलेभले चळाचळा कापले होते. काटेवाल्यालाही घाम फुटला.

"नाही म्हणजे, साहेब... हे व्हायला नको होतं."

"कुणी केलं तेवढं सांगा."

"एका खेपेत झालं होतं असं. आम्ही परत मागवली होती. एखादं राहिलं असणार."

"माणूस कोण? बसतो कुठे?"

"साहेब, माणूस नाहीच त्यात. तारा जोडायचे टाके यंत्र मारतं. त्या दिवशी यंत्राची सुई सरकली होती आणि दोन टाके एकमेकांना लागले. माणूस हातसुद्धा लावत नाही. तुम्ही तक्रार वरती नेऊ नका. मी आत्ता करून देतो. बॅटरीही नवी घालतो, कंपनीतर्फे."

बॅटरी हा शब्द ऐकून आम्ही सगळे सैलावलो. सापडले मात्र जागच्या जागी उभे होते. त्या उन्हाच्या पट्ट्यात पीठ खाली उतरत होतं, आणि मी शपथेवर सांगतो, मला ती लांब खोली रिकामी होताना दिसली. पांढऱ्या टोप्या एकेक करून खुंटीला लागल्या, उजवीकडच्या खिडक्या भिंतीत मिटल्या, तळं कुणीतरी चादरीसारखं घडी करून आत नेलं. भिंतीजवळच्या बाकावर कुणी नव्हतं. बाकही नव्हतं.

तेवढ्यात काटेवाल्याने झाकण उघडलं, जुनी बॅटरी काढून नवी बसवली, टाके जोडायची-सोडवायची छोटी कांडी तापवली आणि आत कुठेतरी टेकवली. बारीकसा धूर निघाला. आम्हांला वाटलं, बॅटरीच जोडतोय.

"घ्या!" तो आनंदाने म्हणाला. "आता दोन्ही बाजू वेगळ्या. अगदी कंपनीतून निघाल्यासारखं."

सापडल्यांनी बोंड उजव्या कानात घातलं. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "छान झालं. आभारी आहे."

वहिनींनी त्यांचं तोंड पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अहो काटेवाले, काय केलंत तुम्ही? परत होतं तसं करा!"

"तसं म्हणजे?"

"बिघडलेलं! पुन्हा बिघडवून द्या ते!"

"ताई, दुरुस्त करायची परवानगी आहे आम्हांला. बिघडवायची नाही."

"मी सांगतेय ना!"

"माझ्या हातून मुद्दाम चूक? उद्या म्हणाल, काटा जरा जास्त दाखवू दे." त्याने मखमली पेटी छातीशी धरली. "माझी नोकरी जाईल, ताई."

"जाऊ दे गं," सापडले म्हणाले. "तो बरोबर बोलतोय."

"तुम्ही गप्प बसा. तुमचं काय, कुणी नाक कापून नेलं तरी आभारी आहे म्हणाल!"

काटेवाला घाईघाईने गेला. जाताना एक वजन विसरला. सापडल्यांनी ते रुमालात गुंडाळलं आणि खिशात टाकलं. रस्त्याने मी त्यांच्या उजव्या बाजूने चालत होतो. घराशी आल्यावर ते थांबले.

"लेखक," ते म्हणाले, "सुई सरकली म्हणजे कुणी सरकवली असेल का?"

"असेल."

"असेन-असेल म्हणून चालत नाही," ते म्हणाले आणि जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी मिनिटने यंत्र मागून घेतलं. दोन टाके तर एकमेकांना लावायचे, त्यात काय मोठंसं, एक मिनिट. ते महिनाभर त्याच्याकडे होतं. महिन्याने त्याने टाके लावले आणि यंत्र बंद पडलं. आठ आठ आठसुद्धा येईना.

पुढे वहिनींच्या मोबाइलचं काहीतरी बिनसलं म्हणून त्या फोनच्या दुकानात गेल्या, तेव्हा कळलं की फोनमध्ये डावी आणि उजवी बाजू एक करायची सोय असते. सेटिंगमध्ये आत जाऊन एक खूण करावी लागते. सापडल्यांच्या खिशातल्या फोनमध्येही ती पहिल्यापासून होती. आता ते त्यावरच गाणी ऐकतात. आवाज बरा येतो म्हणतात.